विकास करारावर सही करण्याआधी कोणाकोणाला विचारायचं?

पत्र

ताई, नमस्कार. विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरमध्ये म्हाडाच्या एका इमारतीच्या सोसायटीची मी सचिव आहे. चाळीस घरं आहेत. पुनर्विकासाचा ठराव झाला, डेव्हलपर निवडला, 31 जणांची लेखी संमती हातात आहे. मागच्या महिन्यात विकास कराराचा मसुदा सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि तेव्हापासून रोज भांडणं सुरू आहेत. तळमजल्यावाले विचारतात, आमच्या वाढीव खोल्यांचं काय? एका सभासदाच्या जागेत भाड्याने पिठाची गिरणी चालवणारे काका विचारतात, मी कुठे जाऊ? दोन आजी एकेकट्या राहतात, त्या काहीच बोलत नाहीत. तीन सभासद सभेला फिरकतच नाहीत. अध्यक्ष म्हणतात, बहुमत आहे, आता कोणाला विचारत बसायचं नाही. मला मात्र हे पटत नाही. नेमकं कोणाकोणाला विचारायला हवं होतं? आणि आता उशीर झालाय का?
– एक सचिव, विक्रोळी

उत्तर

नमस्कार,

उशीर झालेला नाही. तुमच्या हातात आहे तो मसुदा. त्यावर सह्या नाहीत, नोंदणी नाही. करार नोंदवला गेला की त्यातला एक शब्द बदलायलाही पुरवणी करार करावा लागतो आणि त्या वेळी डेव्हलपरला तुमची घाई कळलेली असते. आज तो बदलायला फक्त वेळ लागेल. म्हणून कमिटीकडे आधी एकच मागणी करा: सहीला सहा ते आठ आठवडे थांबायचं. पुनर्विकास करायचा की नाही, हा प्रश्न पुन्हा उघडू नका. तो ठराव झालेला आहे, तो तसाच राहू द्या. ठरवायचंय ते इतकंच की करारात काय काय लिहिलं जाणार.

अध्यक्षांचं म्हणणं कायद्याच्या अंगाने चुकीचं नाही, हेही सांगते. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयात पुनर्विकासाच्या सभेला दोन तृतीयांश सभासदांची गणपूर्ती आणि एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची संमती सांगितली आहे. तुमच्याकडे त्याहून बरंच जास्त आहे. उद्या दोघंतिघं अडून बसले आणि प्रकरण कोर्टात गेलं, तरी मुंबई उच्च न्यायालयाने अनेक निकालांत मूठभरांनी बहुमताचा निर्णय अडवू नये अशीच भूमिका घेतली आहे. पण त्याच शासन निर्णयात प्रकल्प अहवाल तयार करताना निवासी जागा, व्यावसायिक जागा, मोकळी जागा, बाग, पार्किंग यांबद्दल सभासदांच्या सूचना विचारात घ्यायलाही सांगितलं आहे. तो भाग बहुतेक सोसायट्यांमध्ये एका परिपत्रकावर उरकला जातो. तुमच्याकडेही तसंच झालं असावं, नाहीतर मसुदा आल्यावर एवढा धुरळा उडाला नसता.

मत देण्याचा अधिकार कोणाचा, हे कायदा सांगतो. करारामुळे कोणाचं जगणं बदलणार, हे शोधणं कमिटीचं काम आहे. या दोन याद्या सारख्या नसतात, आणि मुंबईत मोठमोठ्या कामांना याच फरकाने फटका दिला आहे.

तुमच्या दाराशी असलेला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड आणि तिकडचा सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड हे दोन्ही मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात होते. जागतिक बँकेचं कर्ज होतं. बाधित झोपड्यांचं सर्वेक्षण झालं, पुनर्वसनाचं धोरण आखलं गेलं. पण रस्त्याकडेला वर्षानुवर्षं धंदा करणारे दुकानदार हा वेगळा गट आहे, त्यांची गरज घराची नसून गिऱ्हाइकाची आहे, हे नियोजनात नीट धरलंच गेलं नाही. मोठी दुकानं असलेल्यांपुढेही 225 चौरस फुटांच्या गाळ्याचा देकार आला. 2004 मध्ये दुकानदार आणि रहिवासी थेट बँकेच्या तपासणी मंडळाकडे गेले. मार्च 2006 मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाच्या भागाचा पैसा रोखला, तो जूनच्या अखेरीस पुन्हा सुरू झाला. सांताक्रूझ-चेंबूर रस्ता खुला व्हायला 2014 उजाडलं. उशिराची कारणं आणखीही होती, पण आधी मोजलेच न गेलेले लोक हे त्यातलं एक ठळक कारण.

दुसरं उदाहरण वरळी कोळीवाड्याचं. कोस्टल रोडचं काम 2018 मध्ये सुरू झालं. क्लीव्हलंड बंदरातून बोटी समुद्रात जातात त्या वाटेवर पुलाचे खांब येणार होते, दोन खांबांत साठ मीटरचं अंतर ठेवून. समुद्र खवळलेला असताना एवढ्या फटीतून बोट काढणं धोक्याचं, असं कोळी बांधव सुरुवातीपासून सांगत होते. त्या पाण्याचा सातबारा त्यांच्या नावे नाही. पण त्या पाण्यात भरती-ओहोटीला काय होतं, हे त्यांच्याइतकं कोणत्या अभियंत्याला ठाऊक असणार? आंदोलनं झाली, काम अडलं आणि 2022 च्या अखेरीस सरकारने एक खांब कमी करून अंतर 120 मीटर करायचं मान्य केलं. आराखडा कागदावर असताना ही चर्चा झाली असती, तर काही रेषा खोडून भागलं असतं.

तुमचे गिरणीवाले काका याच जातकुळीतले आहेत. ते सभासद नाहीत, करारात पक्षकार नाहीत, शासन निर्णयाच्या लेखी ते कोणीच नाहीत. पण आसपासच्या कितीतरी इमारतींचं दळण त्यांच्याकडे येतं आणि त्यांचं पोट त्यावर आहे.

आता कामाला लागा. एक दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक घराला समोरासमोरची दोन पानं द्या. डाव्या पानावर कागद: म्हाडाच्या नोंदीत नाव कोणाचं, सोसायटीच्या भागपत्रावर कोणाचं, जागा विकत घेतली असेल तर म्हाडाकडे हस्तांतरण नियमित झालंय का, बँकेचं कर्ज आहे का, मूळ सभासद हयात आहेत का, नसतील तर वारस किती. उजव्या पानावर माणसं: प्रत्यक्ष राहतं कोण, भाडेकरू आहे का, शाळेत जाणारी मुलं किती, आजारी किंवा जिना न चढू शकणारं कोणी आहे का, घरातून काही धंदा चालतो का, घर किती माणसांच्या कमाईवर चालतं. ही वही कमिटीतल्या दोघांनी घरोघरी जाऊन भरायची, आणि त्या दोघांत एक बाई असलीच पाहिजे. ग्रुपवर फॉर्म टाकून ही माहिती येत नाही. आली तरी डाव्या पानाचीच येते.

वही भरली की गट आपोआप दिसायला लागतात. मजल्यांवरून पाडलेले गट फारसे उपयोगाचे नसतात.

तळमजल्याच्या गटाशी सगळ्यात आधी बोला, कारण तिथेच सगळ्यात जास्त आशा आणि सगळ्यात कमी कागद आहेत. म्हाडा वसाहतींत तळमजल्यावाल्यांनी पुढेमागे खोल्या वाढवल्या, संसार वाढत गेला तसं घर वाढलं. त्या वाढीव बांधकामाला मंजुरी नसेल तर त्यावर हक्काने क्षेत्रफळ मागता येत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगावं लागेल. पण आजवर पुढच्या खोलीत मुलाचा संसार आणि मागे आईवडील अशी सोय असलेल्या कुटुंबाला, नव्या इमारतीत वरच्या मजल्याइतकंच घर मिळणार हे व्हॉट्सअॅपवरच्या पीडीएफमधून कळावं, ही वागणूक बरी नाही. समोर बसून सांगा. वकिलांना सोबत घ्या. त्यांना काही जादा द्यायचं की नाही, हे सर्वसाधारण सभेने ठरवायचं आणि जे ठरेल ते सगळ्यांदेखत इतिवृत्तात यायला हवं. डेव्हलपरचा माणूस संध्याकाळी एकेकाच्या घरी जाऊन ‘तुमचं बघू आपण’ म्हणत असेल, तर ते ताबडतोब बंद करा. तोंडी शब्दाने मजल्या-मजल्यांत वैर येतं आणि ताबा देताना तो शब्द कोणालाच आठवत नाही.

दुसरा गट कागद अपुरे असलेल्यांचा. वारसांनी नावं चढवलेली नाहीत, नॉमिनेशन एका भावाचं आणि राहतात दोघं, मुखत्यारपत्रावर घेतलेली घरं. नॉमिनी झाला म्हणजे मालक झाला असं नाही. तो वारसांच्या वतीने जागा सांभाळतो, आणि घरोघरी हाच गैरसमज असतो. सभेला न येणाऱ्या तुमच्या तिघांपैकी एखाद-दुसरा इथे निघाला तर नवल वाटायला नको. पुष्कळदा अशा माणसाचा पुनर्विकासाला विरोध नसतो. सही केली तर घरातलं जुनं भांडण उघड्यावर येईल, याची त्याला धास्ती असते. त्याला नोटीस पाठवण्याआधी घरी जा आणि काय अडतंय ते विचारा. म्हाडाचं देकारपत्र, म्हणजे पुनर्विकासाच्या अटी कळवणारं पत्र, येण्याआधी ही हस्तांतरणं मार्गी लावायला मदत मिळाली, तर तोच माणूस सभेला येऊन पहिल्या रांगेत बसेल.

आता त्या दोन आजी. त्या गप्प आहेत म्हणून त्यांना सगळं मान्य आहे, असं कृपा करून धरू नका. पेन्शनवर किंवा मुलीच्या पैशांवर राहणाऱ्या एकट्या बाईला पुनर्विकासात तीन भीती असतात, आणि भर सभेत ती एकही बोलून दाखवत नाही. पहिली, भाड्याच्या घरात मला एकटीला कोण ठेवून घेणार. दुसरी, इमारत उभी राहीपर्यंत मी असेन का, आणि नसले तर घर कोणाचं. तिसरी, नव्या टॉवरचा मेंटेनन्स मी कुठून भरू. लिफ्ट, पंप, जनरेटर, अग्निशमन यंत्रणा, सुरक्षारक्षक हे सगळं आलं की महिन्याचं बिल आजच्या कितीतरी पट होतं, आणि त्यावर मसुद्यात बहुधा एक ओळही नसते. पीएमसीकडून, म्हणजे सोसायटीच्या प्रकल्प सल्लागाराकडून, नव्या इमारतीच्या मासिक खर्चाचा लेखी अंदाज मागा. कॉर्पस निधीच्या, म्हणजे डेव्हलपर देणार त्या एकरकमी रकमेच्या, व्याजातून त्यातला किती भाग निघेल, ते आकड्यांत मांडा. कॉर्पस सगळाच्या सगळा वाटून टाकायचा की थोडा सोसायटीकडे ठेवायचा, हा वाद यानंतरच घाला. भाड्याचं घर शोधून द्यायला डेव्हलपरने माणूस द्यावा, दलाली आणि अनामत त्याने भरावी, ज्येष्ठांना खालच्या मजल्यांचा पर्याय लॉटरीच्या आधी मिळावा, ही कलमं त्या आजींच्या घरात बसल्याशिवाय सुचत नाहीत.

बायकांची बैठक वेगळी घ्या, दुपारची. पुष्कळ घरांत सभासद नवरा किंवा सासरा असतो आणि घर चालवणारी बाई सभेच्या दाराबाहेर. कपडे कुठे वाळणार, स्वयंपाकघराला खिडकी आहे का, पाणी किती वाजता येणार, मुलांची शाळा न बदलता भाड्याने कुठे राहता येईल, यातलं बरंचसं त्याच सांगतील. आणखी एक गोष्ट नाजूक आहे, पण विचाराच: भाड्याचा चेक कोणाच्या नावे निघणार? ज्या घरात पैसा संसारापर्यंत पोचत नाही तिथे हा प्रश्न जिवाचा असतो. जिथे पतीपत्नी दोघांची नावं चढवता येतील, तिथे ती करारापूर्वी चढवून घेतलेली बरी.

बाकीच्या गटांना इतका वेळ द्यायची गरज नाही. भाडेकरूंना रिकामं करण्याची तारीख वेळेत कळावी आणि त्यांची अनामत मालकाकडून सुटावी, एवढं पुरे. कर्ज असलेल्यांनी बँकेचं ना हरकत पत्र आत्ताच मागायला घ्यावं. गावी किंवा परदेशी असलेल्या सभासदांसाठी फोनवर वेळ ठरवा. शेजारच्या इमारतींना डंपरची वाट, कामाच्या वेळा आणि भिंतींना तडे गेल्यास जबाबदारी कोणाची, हे लेखी द्या. पाडकामाआधी त्यांच्या भिंतींचे फोटो काढून ठेवायला डेव्हलपरला सांगा. गणपतीचा मांडव पडतो ती मोकळी जागा नव्या नकाशात कुठे आहे, हे मंडळाच्या मुलांना नकाशावर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. वॉचमन आणि झाडलोट करणाऱ्या मावशींना नव्या इमारतीत काम देण्याचा ठराव सोसायटी करू शकते, त्यासाठी डेव्हलपरची परवानगी लागत नाही.

एक गट अजून आलेलाच नाही: डेव्हलपर बाहेर विकणार त्या फ्लॅटमध्ये राहायला येणारे. उद्या ते तुमच्याच सोसायटीचे सभासद होतील, कदाचित संख्येने तुमच्यापेक्षा जास्त असतील. त्यांचं प्रवेशद्वार वेगळं, लिफ्ट वेगळी, पोडियमवरची बाग फक्त त्यांची, अशा तरतुदी नकाशात शांतपणे येतात आणि ताब्याच्या दिवशी कळतात. सामायिक सोयींवर सगळ्यांचा सारखा हक्क आणि मेंटेनन्सची विभागणी कशी, हे आजच्या करारात लिहून घ्या. नंतर ते तुम्हाला मतदानाने जिंकावं लागेल.

गिरणीवाल्या काकांना करारात जागा मिळेलच असं नाही. त्यांचा व्यवहार त्या सभासदाशी आहे, आणि निवासी जागेत चालणाऱ्या धंद्याला नव्या इमारतीत गाळा मिळणं सोपं नाही. पण नकाशात व्यावसायिक गाळे असतील तर एखादा भाड्याने देताना त्यांचा आधी विचार व्हावा, असं सोसायटी डेव्हलपरला सुचवू शकते. तेही जमणार नसेल, तर किमान सहा महिने आधी सांगा. त्यांना जवळपास दुसरी जागा बघता येईल, गिऱ्हाइकांना कळवता येईल.

बैठका घेताना काही पथ्यं पाळा. पहिल्या फेरीला डेव्हलपर किंवा त्याचा माणूस नको. दहा-बारा माणसांपेक्षा मोठी बैठक नको, चाळीस जणांत चारच बोलतात. अध्यक्ष प्रत्येक बैठकीला बसलेच पाहिजेत असं नाही. त्यांच्यासमोर न बोलणारे लोक असतात, आणि हे त्यांना अपमान न वाटता सांगण्याचं काम तुमच्याकडेच येणार. मसुदा इंग्रजीत असेल तर वकिलांकडून प्रत्येक कलमाचा मराठी गोषवारा करून घ्या आणि बैठकीत मोठ्याने वाचा. क्षेत्रफळ कार्पेटमध्ये (घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणारं), भाडं किती आणि दरवर्षी किती वाढणार, काम रखडलं तर दंड, बँक हमी आणि करार रद्द करण्याचा अधिकार, ही कलमं दोनदा वाचा. कन्नमवार नगरात एकाच वेळी बऱ्याच इमारती रिकाम्या होतात तेव्हा आसपासची भाडी चढतात. आज ठरलेलं भाडं दुसऱ्या वर्षी पुरेल का, हा हिशेब बैठकीत घाला.

आलेली प्रत्येक सूचना क्रमांक घालून एका तक्त्यात लिहा आणि शेजारी उत्तर द्या: मान्य, अमुक कलमात आली. काही अंशी मान्य. मान्य नाही, आणि का नाही. हा तक्ता सूचनाफलकावर लावा. ‘नाही’ लिहायला घाबरू नका. लोक नकार पचवतात. आपण बोललो ते हवेत गेलं, हे मात्र त्यांना सहन होत नाही, आणि मग तेच लोक सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज घेऊन जातात.

सगळ्यांना विचारायचं म्हणजे सगळ्यांनी ठरवायचं, असा गोंधळ होऊ देऊ नका. मतदान सभासदांचंच. शेजारी, भाडेकरू, मंडळ, काका यांना मत नाही, आणि तसं पहिल्याच बैठकीत सांगा. त्यांच्याकडून माहिती घ्यायची, त्यांना वेळेत माहिती द्यायची आणि जिथे शक्य तिथे त्यांची अडचण कलमात बसवायची. कोणाकडे कोणता अधिकार आहे हे आधी उघड असलं की पुढचे निम्मे रुसवे टळतात.

करारात एक कलम मी आग्रहाने घालायला सांगेन. सही झाल्यापासून ताबा मिळेपर्यंत एक समन्वय समिती असावी. कमिटीतले दोघं, कमिटीबाहेरचे तिघं, त्यात एक तळमजल्याचं, एक ज्येष्ठ आणि निदान दोन महिला. दर तीन महिन्यांनी डेव्हलपरने त्यांना बांधकाम दाखवायचं, कामाचा अहवाल मराठीत द्यायचा आणि भाड्याचे चेक अडले तर पंधरा दिवसांत त्यांना लेखी उत्तर द्यायचं. कमिटीची मुदत संपते, अध्यक्ष बदलतात, लोक ठाणे-डोंबिवलीपर्यंत पांगतात. चाळीस कुटुंबं एकमेकांना दिसेनाशी होतात तेव्हा डेव्हलपरला विचारणारं कोणीतरी कागदावर नेमलेलं असावं लागतं.

अध्यक्षांशी बोलताना त्यांच्या बहुमताला आव्हान देऊ नका. त्यांनी ही संमती गोळा करायला मेहनत घेतली असणार, त्याचं श्रेय त्यांना द्या. मग विचारा: इमारत रिकामी करायच्या दिवशी 31 घरांच्या चाव्या मिळून भागणार आहे की चाळीस लागणार आहेत? उरलेल्या नऊ घरांची यादी त्यांच्यासमोर ठेवा, आणि पहिल्या चार घरी त्यांना सोबत चला म्हणा.

वहीची सुरुवात या रविवारी तळमजल्यापासून करा. वकिलांचा मराठी गोषवारा हातात आला की भाड्याचं, मेंटेनन्सचं आणि करार रद्द करण्याचं अशी तीन कलमं मला पाठवा. ती वाचून त्यांवर लिहीन.